चढ्या आवाजाचे अक्षर : ठळक तिरक्या टाइपाची हकिगत

उर्दू वर्तमानपत्रात मथळ्याला ‘सुर्खी’ म्हणतात. सुर्ख म्हणजे लाल. हस्तलिखितांच्या जमान्यात प्रकरणाचे नाव किंवा नव्या मुद्द्याचा पहिला शब्द कातिब लाल शाईने लिहीत असत. पुढे छापखाना आला, मथळे काळ्या शाईत छापले जाऊ लागले, पण नाव सुर्खीच राहिले. आपल्याकडच्या पोथ्यांतही महत्त्वाच्या जागी गेरूचा हात फिरवलेला दिसतो. लिहिणाऱ्याची ही गरज फार जुनी आहे. सगळा मजकूर एका आवाजात चालत असतो आणि मध्येच कुठे तरी आवाज चढवावा लागतो. बोलताना ते काम गळा करतो. कागदावर ते अक्षराला करावे लागते.

युरोपातील रोमन लिपीने या कामासाठी एक खास अक्षर घडवले. ते जाड असते आणि त्याच वेळी उजवीकडे कललेले असते. छापखान्याच्या बोलीत त्याला ‘बोल्ड इटॅलिक’ म्हणतात. मराठीत आपण ठळक तिरका टाइप म्हणू. हा टाइप पुस्तकभर वाचण्यासाठी नसतो. तो फलकावर, मथळ्यात, वेष्टनावर, खेळाडूच्या सदऱ्यावर असतो. दुरून दिसावा आणि क्षणभरात मनावर उमटावा, एवढेच त्याचे काम. तो आपल्याला इतका सवयीचा झाला आहे की त्याला काही इतिहास असेल, हेच मनात येत नाही. पण इतिहास आहे, आणि तो मुळात एका अक्षराचा नसून दोन अक्षरांचा आहे. तिरकेपणा एका देशात, एका कामासाठी जन्मला. जाडी तीनशे वर्षांनी दुसऱ्या देशात, अगदी उलट कामासाठी जन्मली. ही दोन्ही एकत्र कशी आली आणि आपल्या लिप्यांपर्यंत येताना त्यांचे काय झाले, हे या लेखात आम्हांला पाहायचे आहे.

व्हेनिसचा धावता हात

पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिस हे छपाईचे मोठे केंद्र होते. तेथे आल्दुस मानुतियुस नावाचा विद्वान प्रकाशक ग्रीक आणि लॅटिन ग्रंथ छापत असे. त्याच्यासाठी टाइपाचे ठसे कोरणारा कारागीर होता बोलोन्याचा फ्रान्चेस्को ग्रिफो. इ. स. १५०० मध्ये सिएनाच्या संत कॅथरिनच्या पत्रांच्या पुस्तकातील एका चित्रात काही मोजके शब्द तिरक्या अक्षरांत छापले गेले. पुढच्याच वर्षी, १५०१ मध्ये, आल्दुसने व्हर्जिल या लॅटिन कवीचे काव्य छापले. हे पुस्तक हातात मावेल एवढे लहान होते आणि त्याचा सगळा मजकूर नव्या तिरक्या टाइपात होता. ग्रिफोच्या कौशल्याची स्तुती करणाऱ्या तीन ओळीही आल्दुसने त्यात घातल्या. ठसे कोरणाऱ्याचे नाव पुस्तकात येण्याचे प्रसंग छपाईच्या इतिहासात थोडेच.

हा टाइप आला कोठून? त्या काळी इटलीतील विद्वान आणि दरबारी चिटणीस जे हस्ताक्षर वापरत, त्याच्यावरून. लेखणी भरभर चालली की अक्षरे अरुंद होतात, एकमेकांकडे झुकतात, थोडी उजवीकडे कलतात. म्हणजे इटॅलिक हा उभ्या अक्षराला धक्का देऊन बनवलेला प्रकार नव्हता. तो मुळातच वेगळा हात होता. ग्रंथ लिहिण्याचा हात आणि पत्रे, टिपणे, हिशेब लिहिण्याचा हात असे जे दोन हात कचेरीत नांदत होते, त्यांतील दुसऱ्याला ग्रिफोने धातूत उतरवले. आजही खऱ्या इटॅलिकमध्ये काही अक्षरांची घडणच वेगळी दिसते. उभ्या टाइपात दुमजली असणारा लहान ‘ए’ तिरक्यात एकमजली होतो. ‘एफ’ची शेपटी ओळीच्या खाली उतरते.

या जन्मकथेत ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की इटॅलिकमध्ये तेव्हा आवाज चढवणे नव्हते. सगळे पुस्तकच त्या अक्षरात असल्यावर जोर कशावर येणार? एका विद्वानाने दुसऱ्याला हाताने उतरवून दिलेल्या वहीसारखे ते पान होते. त्याचा स्वभाव आपुलकीचा होता. मोठी अक्षरे तर सुरुवातीला उभीच होती, फक्त लहान अक्षरे कललेली. पुढच्या दशकांत मोठी अक्षरेही कलली, आणि फ्रान्समध्ये तिरक्या टाइपाला उभ्या टाइपाचा जोडीदार करण्याची रीत रुळली. प्रस्तावना, उद्धृते, परके शब्द, जोर द्यायचा शब्द हे सगळे तिरक्याच्या वाट्याला आले. स्वतंत्र घर असलेला हात आता दुसऱ्याच्या घरी पाहुणा झाला.

या कामात नाव काढलेला एक कारागीर म्हणजे रोबेर ग्रांजों. त्याचे तिरके टाइप सोळाव्या शतकात युरोपभर विकले गेले. आपल्या वाचकांना त्याची दुसरी कामगिरी अधिक जवळची वाटेल. उतारवयात ग्रांजों रोमला गेला आणि तेथे त्याने अरबी टाइप कोरले. रोममधील मेदिची छापखान्याने त्याच्या टाइपात अरबी पुस्तके छापली. इब्न सीनाचा वैद्यकावरील ‘कानून’ हा ग्रंथ १५९३ मध्ये तेथूनच अरबीत प्रसिद्ध झाला. तोवर ग्रांजों हयात नव्हता. तिरक्या रोमन अक्षराला वळण देणारा आणि अरबी अक्षर धातूत उतरवणारा हात एकच होता, ही गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. लिप्यांच्या इतिहासात ‘त्यांचे’ आणि ‘आपले’ अशी कुंपणे फार काळ टिकत नाहीत.

लंडनच्या भिंती

जाडीची कथा वेगळी आहे. एकोणिसावे शतक उजाडेपर्यंत छापखान्यात आजच्या अर्थाने ठळक टाइप नव्हताच. जोर द्यायचा तर मोठ्या आकाराचा टाइप, मोठी अक्षरे, तिरके अक्षर किंवा लाल शाई. पुस्तकाला तेवढे पुरे होते, कारण वाचक पुस्तक हातात घेऊन, सवडीने, मुद्दाम वाचायला बसत असे.

लंडनच्या रस्त्यावरचा वाचक मुद्दाम वाचायला आलेला नव्हता. तो कामाला निघालेला होता. त्याला सरकारी लॉटरीचे तिकीट, नाटकाचा खेळ, घोडागाडीचे वेळापत्रक, नवे औषध विकायचे होते, आणि भिंतीवर शेजारीशेजारी दहा कागद चिकटवलेले असत. पुस्तकासाठी घडवलेला टाइप तेथे नुसता मोठा करून चालेना. तो फिका पडू लागला. मग १८०० नंतरच्या पहिल्या दशकात रॉबर्ट थॉर्न या टाइप ओतणाऱ्या कारखानदाराने जाड रेघा अतोनात जाड केल्या आणि बारीक रेघा केसाएवढ्या ठेवल्या. या टाइपाला ‘फॅट फेस’, म्हणजे लठ्ठ चेहऱ्याचा टाइप, असे नाव पडले. १८१५ मध्ये व्हिन्सेंट फिगिन्सच्या नमुनापुस्तकात सगळ्याच रेघा जाड आणि पायाशी चौकोनी विटा ठेवल्यासारखा दुसरा टाइप आला. थॉर्नच्या मृत्यूनंतर १८२० मध्ये त्याचा कारखाना विल्यम थॉरोगुडने विकत घेतला. लॉटरीत मिळालेल्या पैशातून त्याने तो घेतला, असे सांगितले जाते. लॉटरीच्या जाहिरातींवर पोसलेला टाइप लॉटरीच्याच पैशात विकला गेला, अशी ही गंमत आहे. सरकारी लॉटरी १८२६ मध्ये बंद झाली, पण तिच्यासाठी पोसलेली जाड अक्षरे बाजारात राहिली.

याच नमुनापुस्तकांच्या पानांवर लठ्ठ चेहऱ्याच्या टाइपाची तिरकी आवृत्ती दिसू लागली. व्हेनिसचा धावता हात आणि लंडनचा भरलेला देह येथे एकत्र आले. हे लग्न सोपे नव्हते. धातूचा खिळा चौकोनी असतो. कललेले अक्षर त्या चौकोनात मावत नाही, त्याचे टोक शेजारच्या खिळ्यावर लोंबते आणि दाबाखाली मोडते. अक्षर जाड केले की पोटातली मोकळी जागा शाईने भरून जाते. म्हणून कोरणाऱ्याला अक्षर रुंद करावे लागे, कल बेताचा ठेवावा लागे, टोकांना गोळे देऊन ती आवरती घ्यावी लागत. पॅरिसच्या फिर्मां दिदोने तर हस्ताक्षरी टाइपासाठी खिळाच तिरका ओतला. मोठ्या आकारासाठी धातू जड आणि महाग पडू लागला, तेव्हा न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सने १८२७ मध्ये यंत्राने लाकडात अक्षरे कोरायला सुरुवात केली. वीतभर उंचीची ठळक अक्षरे आता स्वस्तात मिळू लागली.

जाडी पुस्तकाच्या पानात शिरली ती १८४५ मध्ये. रॉबर्ट बेस्लीने ‘क्लॅरेंडन’ नावाचा टाइप काढून त्याची कायदेशीर नोंदणी केली. भिंतीसाठी नव्हे, तर शब्दकोशातील मूळ शब्द आणि पाठ्यपुस्तकातील मुद्दा उठून दिसावा म्हणून हा टाइप साध्या टाइपाशेजारी बसवता येत होता. नोंदणीचे संरक्षण तीन वर्षांचे होते. मुदत संपताच इतर कारखान्यांनी त्याच्या नकला काढल्या. तेव्हापासून एकाच कुटुंबात साधा, तिरका, ठळक आणि ठळक तिरका असे चार भाऊ असावेत, ही कल्पना हळूहळू रुजत गेली. आजच्या संगणकावर जे बटण आपण सहज दाबतो, त्याच्या मागे ही एवढी वाटचाल आहे.

स्वभाव आणि उपयोग

ठळक तिरक्या अक्षराचा स्वभाव काय? जाडी म्हणते, ‘थांबा.’ कल म्हणतो, ‘चला.’ रोमन लिपी डावीकडून उजवीकडे वाचली जाते आणि अक्षरही उजवीकडे झुकते. म्हणजे ते नजरेच्या पुढे धावते. त्यामुळे त्यात वेग भासतो. धावणारा माणूस पुढे झुकतो, वाऱ्यातले शीड झुकते, तसेच हे. शर्यतीच्या मोटारी, खेळाचे साहित्य, टपाल पोहोचवणाऱ्या कंपन्या, सवलतीच्या विक्रीचे फलक यांना हे अक्षर आवडते ते याच कारणाने. उभे ठळक अक्षर हुकूम देते. तिरके ठळक अक्षर हात धरून ओढते.

विसाव्या शतकात या अक्षराला आणखी रूपे मिळाली. शिकागोच्या ओस्वाल्ड कूपरने गुबगुबीत कडांचा जाड टाइप काढला आणि १९२६ मध्ये त्याची तिरकी जोड आली. त्यात आरडाओरडा नसून मिठाईच्या दुकानाचा गोडवा होता. फ्रान्सच्या मार्सेय शहरात रोजे एक्सकॉफोंने १९५१ मध्ये ‘बांको’ नावाचा टाइप घडवला. त्यात लहान अक्षरे नाहीतच. मोठी अक्षरे तेवढी, आणि तीही पत्र्याच्या पट्ट्या झटक्यात वाकवून ठेवल्यासारखी जाड आणि कललेली. फ्रान्समधील दुकानांच्या पाट्यांवर बांको पसरला. पुढे अमेरिकेतील स्केटबोर्डवाल्या तरुणांच्या ‘थ्रॅशर’ या मासिकाने तो आपल्या नावासाठी घेतला आणि तो बंडखोर पोरांच्या सदऱ्यांवर जाऊन बसला. दुकानदाराचे अक्षर बंडखोराचे झाले.

याहून बोलके उदाहरण ‘फ्युचुरा’चे आहे. जर्मनीच्या पाउल रेनरने हा टाइप १९२७ मध्ये फ्रँकफुर्टच्या बाउअर कारखान्यासाठी काढला. वर्तुळ, त्रिकोण, सरळ रेघ यांवर उभारलेले त्याचे रूप होते. त्याची तिरकी जोड म्हणजे धावता हात नव्हे. ती उभ्या अक्षरालाच कललेली आहे. रेनरने १९३२ मध्ये नाझींच्या सांस्कृतिक धोरणावर टीका करणारी पुस्तिका लिहिली. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आल्यावर म्यूनिकच्या मुद्रणशाळेचे प्रमुखपद त्याच्या हातून गेले. पुढे पन्नास वर्षांनी अमेरिकन कलावंत बार्बरा क्रूगर हिने त्याच फ्युचुराचा ठळक तिरका टाइप उचलला. तिने आधी स्त्रियांच्या मासिकांत मांडणीचे काम केले होते; जाहिरात कशी ओरडते, हे तिला आतून ठाऊक होते. काळ्यापांढऱ्या छायाचित्रावर लाल पट्टी आणि तिच्यात पांढरे ठळक तिरके अक्षर, अशी तिची रीत. जाहिरातीच्याच आवाजात ती जाहिरातीला, पुरुषी सत्तेला, बाजाराला प्रश्न विचारू लागली. १९८९ मध्ये वॉशिंग्टनला स्त्रियांच्या हक्कांसाठी निघालेल्या मोर्चासाठी तिने केलेले भित्तिचित्र गाजले. आणि १९९४ मध्ये न्यूयॉर्कला उघडलेल्या ‘सुप्रीम’ या कपड्यांच्या दुकानाने नेमकी हीच रीत, म्हणजे लाल चौकटीतले पांढरे ठळक तिरके अक्षर, आपली निशाणी म्हणून घेतली. बाजाराकडून निषेधाने घेतलेला आवाज बाजाराने परत नेला.

यातून एकच गोष्ट कळते. अक्षराला स्वतःचे इमान नसते. ते फक्त आवाज वाढवून देते. खरे-खोटे, विक्री-विरोध, खेळ-धमकी या सगळ्यांना ते सारखेच उपयोगी पडते.

आपल्या लिप्यांत

आता हे अक्षर आपल्या लिप्यांत आणले की काय होते, ते पाहू. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिली जाते. संगणकाचे इटॅलिकचे बटण दाबले की अक्षर उजवीकडे कलते. म्हणजे अलिफ वाचनाच्या उलट दिशेला, मागे रेलतो. रोमनमध्ये जो वेग होता, त्याची येथे माघार होते. इराणमध्ये ही अडचण ओळखून गुलामहुसेन मुसाहिब या विद्वानाने गेल्या शतकाच्या मध्याला डावीकडे कललेला फारसी टाइप पुढे आणला. त्याला ‘ईरानिक’ असे नाव मिळाले. इटॅलिकमध्ये इटलीचे नाव, तर ईरानिकमध्ये इराणचे. ही नुसती शब्दांची कोटी नव्हती. परक्या युक्तीमागचा नियम समजून घेऊन तो आपल्या दिशेने वळवण्याचा तो प्रयत्न होता.

नस्तालीकची गोष्ट त्याहून वेगळी. नस्ख आणि तालीक या दोन वळणांच्या मिलाफातून नस्तालीक झाला. तालीक म्हणजे लटकणारे. त्यातला शब्द उजवीकडे वर सुरू होतो आणि डावीकडे खाली उतरत येतो. कल हा त्याचा मूळ स्वभावच असल्याने त्याला आणखी कलवून काही साधत नाही. मग जोर कसा द्यायचा? कातिबांकडे त्याची उत्तरे होती. लाल शाई होती. शब्दावर आडवी रेघ होती. शायराच्या तखल्लुसावर खास चिन्ह होते. आणि जाडीसाठी फार जुना शब्द होता, ‘जली’. बारीक कलमेने लिहिलेले ते खफी, जाड कलमेने लिहिलेले ते जली. मशिदीच्या कमानीवरचा, मकबऱ्याच्या दरवाजावरचा मजकूर दुरून वाचला जावा म्हणून जलीत लिहिला जाई. लंडनला लॉटरीसाठी जाड अक्षर सुचले, त्याच्या कितीतरी शतके आधी जाड कलम आपल्याकडे प्रतिष्ठेची होती. दख्खनला तर या कलेचा मोठा वारसा आहे. विजापूरच्या इब्राहीम आदिलशहा दुसरा याने खलीलुल्लाह या खुशनवीसाला ‘बादशाह-ए-कलम’ असा किताब दिला होता. इब्राहीम रौजाच्या दगडी जाळ्यांतून अक्षरे आजही उजेड चाळून घेतात.

नस्तालीक धातूच्या खिळ्यांत नीट बसला नाही. खिळे एका आडव्या ओळीत उभे राहतात. नस्तालीकचा शब्द उतरणीवर उभा असतो. म्हणून एकोणिसाव्या शतकात शिळाप्रेस आला तेव्हा उर्दूने तो मनापासून स्वीकारला, कारण दगडावर कातिबाचा हात जसाच्या तसा उमटत असे. उर्दू वर्तमानपत्रे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही कातिबांच्या हातची राहिली. मथळ्याची कलम वेगळी, मजकुराची वेगळी. पुढे पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी हजारो शब्दखंड स्वतः लिहून मोनोटाइप कंपनीच्या यंत्रासाठी ‘नूरी नस्तालीक’ सिद्ध केला आणि १९८१ मध्ये लाहोरच्या ‘जंग’ने तो वापरला. ‘नूरी’ हे नाव त्यांनी वडिलांच्या नावावरून दिले. १९९४ मध्ये दिल्लीत तयार झालेल्या ‘इनपेज’मुळे तो छोट्या छापखान्यापर्यंत पोहोचला. उर्दूची सोय झाली. कातिबाची रोजी मात्र गेली. आणि जली कलमेचे जे वजन माणसाच्या मनगटात होते, त्याच्या जागी अक्षर फुगवणारे बटण आले.

मराठीकडे वळल्यावर आम्हांला व्हेनिसच्या त्या दोन हातांची आठवण होते. ग्रंथाचा एक हात आणि कचेरीचा दुसरा, असे दोन हात आपल्याकडेही होतेच. बालबोध हा ग्रंथाचा हात. मोडी हा कचेरीचा. ओळभर शिरोरेषा आधी ओढायची आणि मग कलम शक्यतो न उचलता खाली लिहीत जायचे, अशी मोडीची रीत. तिची वळणे गोल, धावती, किंचित उजवीकडे कलणारी. फारसीतही कचेरीचा धावता हात होता, त्याचे नाव ‘शिकस्ता’, म्हणजे मोडलेले. मोडीचे नावही ‘मोडणे’ यावरून आल्याची एक व्युत्पत्ती सांगितली जाते. आदिलशाहीतील कित्येक कागदांवर एकीकडे फारसी आणि तिच्या सोबत मोडी मराठी असे दोन्ही मजकूर आहेत. इटलीच्या चिटणिसाचा हात, फारसी मुन्शीचा शिकस्ता आणि मराठी चिटणिसाची मोडी ही तिन्ही एकाच गरजेची लेकरे आहेत. त्यांतील एकाला ग्रिफोसारखा कारागीर आणि आल्दुससारखा प्रकाशक भेटला, म्हणून त्याचे जगभर इटॅलिक झाले. मोडीलाही धातू मिळाला होता. श्रीरामपूरला विल्यम कॅरेचा मराठी शब्दकोश १८१० मध्ये मोडी टाइपात छापला गेला. पण पुढे छापील मराठी बालबोधात स्थिरावली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी व्यवहारातून बाहेर गेली. बालबोधाशेजारी जोडीदार म्हणून बसवता येईल असा धावता हात आपल्याजवळ होता. तो पानावर आला नाही, दप्तरखान्यात गेला.

म्हणून देवनागरीत इटॅलिकचे बटण दाबले की बालबोधालाच धक्का बसतो. काना कलतो, पण शिरोरेषा आडवीच राहते. वरची मात्रा आणि रफार उजवीकडे सरकतात, खालचा उकार डावीकडे जातो. अक्षर ठळक असेल तर जोडाक्षरांच्या पोटातील जागा बुजते. ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘द्ध’ यांचे काय होते, ते कोणत्याही निवडणुकीच्या फलकावर पाहावे. याचा अर्थ देवनागरीला चढा आवाज येत नाही, असा मुळीच नाही. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली नावे आठवून पाहावीत. नाटक विनोदी की गंभीर, हे त्यांच्या अक्षरातूनच कळे. २०२० मध्ये ते गेले. त्यांची अक्षरे जाडही असत, कलतही असत. पण प्रत्येक कल त्या शब्दाच्या अर्थातून निघालेला असे. रिक्षाच्या पाठीवर आणि दुकानाच्या फळीवर सावली देऊन तिरके अक्षर काढणाऱ्या रंगाऱ्यांकडेही ही समज होती. फ्लेक्स आला आणि त्यांच्यातील बहुतेकांच्या हातून कुंचला सुटला.

जाडी आणि वजन

एवढ्या तपशिलात शिरण्याचे कारण केवळ सौंदर्याचे नाही. ठळक तिरके अक्षर आपल्या सार्वजनिक आयुष्यात फार मोठे काम करते. वाचक बातमी वाचतो त्याआधी मथळा पाहतो, आणि मथळ्याचे शब्द वाचतो त्याआधी मथळ्याची जाडी पाहतो. त्या एका क्षणात मन तयार होते. एखाद्या वस्तीबद्दल, एखाद्या समाजाबद्दल, पकडल्या गेलेल्या एखाद्या तरुणाबद्दल चार स्तंभी ठळक मथळा येतो. पुढे काही महिन्यांनी, काही वर्षांनी सुटकेची बातमी आली तर ती आतल्या पानावर साध्या टाइपात येते. दोन्ही बातम्या छापल्या गेल्या, असे म्हणता येते. पण वाचकाच्या मनात दोन्ही सारख्या उमटल्या, असे म्हणता येत नाही. मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असले तरी ते ठळक अक्षराच्या सावलीत दिसेनासे होते. हे आपल्या समाजाला कुणी वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. पण आपणही हे अक्षर वापरतो तेव्हा तीच कसोटी लावली पाहिजे. आपल्या मोहल्ल्यातील फलकांवर, जलशाच्या पत्रकांवर, हातातल्या मोबाइलवर पुढे पाठवल्या जाणाऱ्या संदेशांवर जाड तिरकी अक्षरे काय सांगतात, आणि त्यांना पुराव्याचा आधार किती असतो?

जुन्या उस्तादांच्या दृष्टीने जली अक्षर लिहिणे सर्वांत कठीण, कारण बारीक अक्षरातला दोष लपतो, जाड अक्षरातला दुरूनही दिसतो. मोठ्याने बोलणाऱ्याची जबाबदारी अधिक, असाच याचा अर्थ. लंडनच्या भिंतीवरच्या अक्षरावर अशी जबाबदारी नव्हती. संध्याकाळी त्याच्यावर दुसरा कागद चिकटवला जाणार होता. आपण त्या भिंतीवरून जाडी घेतली आणि कलमेची जबाबदारी मागे ठेवली, तर तो तोट्याचा सौदा होईल.

चांगली गोष्ट अशी की नवे कारागीर याचा विचार करू लागले आहेत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने ‘बलू’ नावाचा जाड, गुटगुटीत टाइप काढला. त्यात देवनागरीही आहे आणि ‘बलू भाईजान’ या नावाने उर्दूचीही जोड आहे. त्यात रोमनचा कल लिप्यांवर लादलेला नाही. प्रत्येक लिपीला तिच्या अंगाने जाडी दिलेली आहे. एकाच फलकावर मराठी आणि उर्दू शेजारी बसल्या, तर कुणी कुणाची नक्कल वाटू नये, एवढी काळजी त्यात घेतलेली दिसते. याच्या पुढचे पाऊल म्हणजे बालबोधाला मोडीच्या वळणाचा खरा धावता जोडीदार मिळणे आणि उर्दूच्या सुर्खीसाठी जली कलमेचा जिवंत टाइप घडणे. हे काम मोडी वाचणारे अभ्यासक, उरलेसुरले कातिब आणि संगणकावर अक्षरे घडवणारी तरुण मुले यांनी एकत्र बसून करण्यासारखे आहे. कातिबांची पिढी हाताशी आहे तोवरच ते होईल. आपल्या शाळांतून, वाचनालयांतून, साहित्य संमेलनांतून एखादा दिवस अक्षरासाठी ठेवता आला, तर त्याची सुरुवात तेथूनही होऊ शकते.